ब्रेकची कमाई

परवा भाच्याचा फोन आला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या रेस कारपायी रात्री जागवतोय. म्हणाला, "मामा, गाडीत हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रिक दोन्ही बसवलं तर? ब्रेक मारताना येणारा लोंढा तेलाने झेलायचा आणि मग सावकाश बॅटरीत भरायचा." फोनवर जेमतेम उत्तर दिलं, पण विषय काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

कल्पना वेडगळ नाही, हे आधीच सांगतो. 2009 ची फॉर्म्युला वनची गाडी ड्रायव्हरसकट किमान 605 किलोची. ताशी 300 किलोमीटरवरून 80 वर यायला तिला दोन-अडीच सेकंद पुरतात. गणित करून पाहा, तेवढ्यात 19-20 लाख ज्यूल ऊर्जा वाया जाते. थोडी हवेच्या अडथळ्यात, बाकीची ब्रेकच्या चकत्या लालबुंद करण्यात. तशी ही ऊर्जा काही फार नाही. घरच्या मीटरवर अर्ध्या युनिटहून किंचित जास्त. पण ती येते हजार अश्वशक्तीच्या लोंढ्यासारखी! बॅटरीचं दुखणं नेमकं इथेच आहे. पोट मोठं, तोंड लहान. भर पावसात पन्हळीखाली अरुंद तोंडाची बाटली धरावी, तसं.

हायड्रॉलिकचं उलट. अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे एक भक्कम नळकांडं. आत रबरी फुग्यात नायट्रोजन, बाहेरच्या बाजूला तेल. ब्रेक मारला की चाकं पंप फिरवतात, पंप तेल कोंबतो, वायू दबतो. सोडलं की तेच तेल पंपाला मोटरसारखं उलटं फिरवतं. रासायनिक क्रिया नाही, त्यामुळे पंप जितकं ढकलेल तितकं पोटात. फक्त पोट फार लहान.

हे सगळं रेसिंगवाल्यांना फार आधी सुचलं होतं. 1998 च्या सुमारास मॅक्लारेनने ब्रेकमधली ऊर्जा साठवणारी हायड्रॉलिक यंत्रणा तयार करायला घेतली. एफआयएने तिच्यावर बंदी आणली, आणि ती एकाही शर्यतीत धावली नाही. मला त्या इंजिनियरांचं फार वाईट वाटतं. हरण्याचंही एक समाधान असतं, ते सुद्धा त्यांना मिळालं नाही.

मग दहा वर्षांनी त्याच एफआयएला साक्षात्कार झाला आणि 2009 पासून 'केर्स'ला परवानगी मिळाली. मर्यादा 60 किलोवॅट, म्हणजे साधारण 80 अश्वशक्ती, आणि एका फेरीत 4 लाख ज्यूल. म्हणजे साडेसहा सेकंदांचा जोर. माझ्या मते हायड्रॉलिकचा निकाल इथेच लागला. ज्याची सगळी ताकद मोठ्या तोंडात, त्याच्या तोंडालाच मुसकं बांधलं! 60 किलोवॅटच झेलायचे तर लिथियमची बॅटरी पुरते, तेलाचा खटाटोप कोण करणार? यंत्र इंजिनियर घडवतो असं आपण म्हणतो, पण कितीदा तरी ते नियमाची वही लिहिणारा घडवतो.

तरी बॅटरीवाल्यांचंही सोपं नव्हतं. जुलै 2008 मध्ये हेरेथच्या चाचणीत बीएमडब्ल्यूच्या एका मेकॅनिकला गाडीला हात लावताच विजेचा झटका बसला. शिवाय यंत्रणेचं वजन 25-35 किलो. गाडी किमान वजनापेक्षा हलकी बांधून उरलेलं वजन हव्या त्या जागी ठेवायचं, ही जी मोकळीक असते ती त्यात गेली. कुबिचासारख्या उंच ड्रायव्हरला तर हे फारच महागात पडे. त्या वर्षीची दोन्ही विजेतेपदं केर्स नसलेल्या ब्रॉनने नेली.

आणि तरीही स्पा. 30 ऑगस्ट 2009. मल्ल्यांच्या फोर्स इंडियाचा फिसिकेला चक्क पहिल्या जागेवरून निघाला होता. त्या गाडीत केर्स नव्हतं. पहिल्याच फेरीतल्या अपघातानंतर सेफ्टी कार आली, ती पाचव्या फेरीला बाजूला झाली आणि चढाच्या सरळ रस्त्यावर रायकोनेनने फेरारीतलं बटण दाबलं. संपलं. उरलेली सगळी शर्यत फिसिकेला त्याच्या मागे चिकटून होता आणि शेवटी एका सेकंदाहूनही कमी फरकाने दुसरा आला. आपल्या नावाची टीम जिंकता जिंकता राहिली ती त्या 80 घोड्यांमुळे, असं मी आजही मानतो. (पुढच्याच शर्यतीत फिसिकेला फेरारीत बसला, ही आणखी गंमत.)

मोठ्या तोंडाचा प्रश्न मात्र इतरांनी वेगळ्या वाटेने सोडवला. टोयोटाने सुपर-कपॅसिटर घेतले आणि जुलै 2007 मध्ये तोकाचीची 24 तासांची शर्यत हायब्रिड सुप्राने जिंकली. विल्यम्सने तर विजेवर फिरवायचं जड चाकच बनवलं. त्यांच्या स्वतःच्या फॉर्म्युला वन गाडीत ते कधी धावलं नाही, पण 2012 मध्ये ऑडीने तेच तंत्र घेऊन ल माँ जिंकलं. मिनिटाला हजारो फेरे घेणारं ते चाक ड्रायव्हरच्या शेजारी! मी नसतो बसलो.

तर भाचेबुवा, तुझ्या लोंढ्याला तेलाखेरीज ही दोन भांडी मिळाली, आणि दोन्ही थेट वीज घेतात. तेल मधे घातलंस की पंप, नळकांडं, तेलाची टाकी हे सगळं मोटर आणि बॅटरीच्या वर येतं. छोट्या गाडीला ते ओझं झेपायचं नाही. कागदावर जरूर काढ, वजनासकट.

हायड्रॉलिक हायब्रिडला खरं काम मिळालं ते शर्यतीबाहेर. 2006 मध्ये अमेरिकेत यूपीएसने पार्सलच्या ट्रकवर ते आजमावलं, पुढे कचऱ्याच्या गाड्यांवरही आलं. दर दोन घरांआड ब्रेक, आणि वजनाची पर्वा कुणाला!