एका बटणावर अख्खं गाणं

१९३५ साली अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड यांचा विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आला. त्याच्या दोन्ही कीबोर्डांच्या डाव्या टोकाला एक वेगळंच सप्तक होतं: पांढऱ्या पट्ट्यांच्या जागी काळ्या आणि काळ्यांच्या जागी पांढऱ्या. त्या बारा पट्ट्या दाबल्या तर स्वर उमटत नसे. दाबलेली पट्टी खालीच अडकून राही आणि सगळ्या वाद्याचा आवाज बदले. दुसरी दाबली की पहिली आपोआप वर येई. पहिल्या पट्टीनं आवाज बंद होई, पुढच्या नऊ पट्ट्यांवर कारखान्यातून बसवून दिलेले आवाज असत आणि शेवटच्या दोन वादकानं स्वतः जुळवलेल्या आवाजासाठी राखलेल्या असत.

आज लग्नाच्या हॉलमध्ये किंवा गणेशोत्सवाच्या मांडवात अरेंजर कीबोर्डवर, म्हणजे साथही स्वतःच वाजवणाऱ्या कीबोर्डवर, बसलेला वादक एक बटण दाबतो आणि टोन, रिदम, लय, पट्टी, आवाजाची पातळी हे सगळं एका क्षणात बदलतं. या बटणाचं नातं त्या उलट्या रंगांच्या पट्ट्यांशी आहे. मधल्या काळात यंत्राची स्मरणशक्ती वाढत गेली, पण खरा झगडा वेगळाच होता. साठवलेल्या गोष्टी यंत्राच्या क्रमानं लावायच्या की वादकाच्या कार्यक्रमाच्या क्रमानं, हा तो झगडा. तो वादकांनी जिंकला, पण त्याला बरीच वर्षं लागली.

त्याची सुरुवात हॅमंडच्याही आधीची आहे. संगीत नाटकांच्या साथीला असलेल्या ऑर्गनवर ओढायच्या खुंट्या मराठी रसिकांनी पाहिल्या आहेत. एक खुंटी ओढली की स्वरांचा एक वेगळा संच बोलू लागतो. युरोपातल्या मोठ्या चर्चमधल्या नळ्यांच्या ऑर्गनला अशा खुंट्या डझनांनी असत. दोन्ही हात पट्ट्यांवर आणि दोन्ही पाय पायपट्ट्यांवर गुंतलेले असताना खुंट्या ओढायच्या कुणी? त्यासाठी बाजूला मदतनीस उभा करावा लागे. १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या महाप्रदर्शनात हेन्री विलिस यांनी सत्तर खुंट्यांचा ऑर्गन मांडला. त्यात दोन कीबोर्डांच्या मधल्या फळीवर अंगठ्यानं दाबायची बटणं होती. एक बटण दाबलं की ठरलेल्या खुंट्या एकदम बाहेर येत. हात पट्ट्यांवरून न हलवता आवाज बदलायची ती सोय होती. अरेंजरची बटणं आजही बोटांच्या टप्प्यातच ठेवतात, त्यामागचं कारणही हेच.

हॅमंडनं ही सोय विजेवर आणली. त्याच्या ऑर्गनवर आवाज घडवण्यासाठी नऊ दांड्यांचे संच होते. प्रत्येक दांडी शून्यापासून आठपर्यंत ओढता येई. त्यामुळे कुठलाही आवाज नऊ आकड्यांत लिहिता येऊ लागला. ८८ ८००० ००० असं लिहिलं की जॅझ वाजवणाऱ्या ऑर्गनवादकाला तो आवाज लगेच कळे. ऑर्गनसाठी छापलेल्या नोटेशनवर हे आकडे येऊ लागले, वादकांच्या वह्यांत उतरले आणि एका गावचा आवाज दुसऱ्या गावी कागदावरून जाऊ लागला. पण उलट्या रंगांच्या पट्ट्यांवरचा आवाज बदलायचा तर वाद्याचं मागचं झाकण काढावं लागे. आत एका आवाजासाठी नऊ रंगीत तारा असत. एकेका तारेचा स्क्रू सैल करून ती दुसऱ्या पातळीच्या पट्टीला जोडायची, की झालं नवं सेटिंग. साठवण म्हणजे तेव्हा अक्षरशः तारा आणि स्क्रू.

यानंतर ऑर्गनच्या शेजारी तालयंत्र आलं. वुर्लित्झर कंपनीनं १९५९ साली 'साइड मॅन' काढलं. त्यात एक चकती फिरे आणि तिच्यावरच्या संपर्कबिंदूंमुळे फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ असे ताल वाजत. जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांच्या एस टोन कंपनीचं 'रिदम एस' १९६७ मध्ये आलं. त्यात सोळा ताल बटणांवर होते आणि हॅमंडनं ते आपल्या ऑर्गनमध्ये बसवायला घेतलं. काकेहाशी यांनीच पुढे १९७२ साली रोलँड कंपनी सुरू केली. आता वादकाला आवाजासोबत ताल आणि लयही लक्षात ठेवावी लागत होती.

कारखान्यानं भरून दिलेला ताल किती दूर जाऊ शकतो याचं एक उदाहरण सांगायलाच हवं. १९८१ सालच्या कॅसिओ एमटी-४० या छोट्या कीबोर्डमधला 'रॉक' नावाचा ताल हिरोको ओकुडा या तरुण कर्मचारी महिलेनं बांधला होता. १९८५ साली जमैकात किंग जॅमी यांनी त्यावर वेन स्मिथ यांचं 'अंडर मी स्लेंग टेंग' हे गाणं केलं आणि रेगे संगीताला संगणकीय वळण लागलं. पण एमटी-४० मध्ये वादकाला स्वतःचा ताल बांधून साठवता येत नसे. कंपनीनं दिलं तेवढंच हाताशी.

सिंथेसायझरवाल्यांची अडचण याच्या उलट होती. मिनीमूग या सिंथेसायझरवर आवाज हवा तसा घडवता येई, पण त्याला स्मरणशक्तीच नव्हती. मुंबईच्या चित्रपटसंगीतात केरसी लॉर्ड यांनी १९७० च्या दशकात मूग आणला. अशा वाद्यावर काल सापडलेला आवाज आज हवा असेल तर प्रत्येक खटका कुठे होता ते कागदावर टिपून ठेवावं लागे. १९७८ साली डेव्ह स्मिथ यांच्या प्रॉफेट-५ नं हे बदललं. त्यात मायक्रोप्रोसेसर होता आणि चाळीस आवाज साठवता येत. १९८३ च्या यामाहा डीएक्स७ मध्ये ३२ आवाज राहत, जास्तीचे हवे असतील तर कार्ट्रिज बदलायचं. त्याच वर्षी स्मिथ आणि काकेहाशी यांच्या पुढाकारानं मिडी हा सामायिक संकेत आला. त्यात एका वाद्यानं दुसऱ्याला आवाज बदलायला सांगायचा तो क्रमांकानं, आणि असे क्रमांक १२८च. वादकाच्या डोक्यात गाणं असे आणि यंत्राकडे आकडा. या दोहोंची सांगड घालणारा कागद कीबोर्डवर चिकटवलेला असे.

अरेंजर कीबोर्डला त्याचं आजचं रूप मिळालं त्यात इटलीतल्या मार्के प्रांताचा वाटा फार मोठा आहे. तिथल्या कास्तेलफिदार्दो गावात पाओलो सोप्रानी यांनी १८६३ साली अ‍ॅकॉर्डियन बनवायला सुरुवात केली आणि साऱ्या परिसरात तो धंदा रुजला. अ‍ॅकॉर्डियनच्या डाव्या बाजूला एका बटणावर अख्खी कॉर्ड वाजते. उजव्या हातात चाल, डाव्यात साथ. अरेंजरमध्येही डावा हात कॉर्ड धरतो आणि यंत्र त्यावरून बेस, गिटार आणि तालाची साथ उभी करतं. रोलँडनं याच प्रांतातल्या आक्वाव्हिवा पिचेना इथे आपली युरोपीय शाखा उभी केली आणि १९८८ मध्ये 'ई-२०' हा अरेंजर आणला. कोर्ग कंपनीच्या पीए या अरेंजर मालिकेचं काम ओझिमोला होतं, केट्रॉन कंपनी आंकोनाची. जर्मनीत एकट्यानं अख्खी मैफल रंगवणारे 'आलाइनउंटरहाल्टर' हे या वाद्याचं हक्काचं गिऱ्हाईक. रात्रभर नाचणाऱ्यांच्या फर्माइशी पुऱ्या करणाऱ्या या लोकांना दोन गाण्यांच्या मध्ये बटणं शोधत बसायला वेळच नसे.

म्हणून एका बटणात सगळंच साठवायची पद्धत रूढ झाली. यामाहा तिला रजिस्ट्रेशन मेमरी म्हणते, कोर्ग परफॉर्मन्स आणि पुढे कीबोर्ड सेट. महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रात तिचा खरा उपयोग पट्टीच्या वेळी दिसतो. गायक काळी एकमध्ये गातो, पुढचं गाणं गायिकेचं, तिची काळी चार. वादकाला बोटं त्याच जागी ठेवायची असतील तर ट्रान्सपोज पाच पट्ट्या खाली न्यायला हवा. तोही टोनसोबत त्याच बटणात साठवला असेल, तर निवेदक पुढच्या गाण्याचं नाव घेईपर्यंत वादक तयार असतो. दोन गाणी एकाच ठेक्यावर जोडायची असतील तर 'फ्रीझ' लावतात. मग बटण बदललं तरी रिदम आणि लय जागच्या जागी राहतात, फक्त टोन बदलतो.

कंपनीच्या स्टाइल्समध्ये, म्हणजे साथीच्या तयार साच्यांमध्ये, बोसानोव्हा आणि पोल्का भरपूर होते, कोळीगीताला किंवा लावणीला हवा तसा ठेका नव्हता. वादकांनी स्टाइल बनवायच्या सोयीतून केहरवा, दादरा, ढोलकीचे ठेके बसवले किंवा कीबोर्डचा रिदम बंद ठेवून ढोलकी आणि ऑक्टोपॅडवर भिस्त ठेवली. भारतासाठी काढलेल्या यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत तबला, तानपुरा, हार्मोनियम आले ते नंतर. अरब देशांसाठीच्या मॉडेलांमध्ये मकाम या तिथल्या स्वरपद्धतीचे उतरवलेले स्वरसुद्धा रजिस्ट्रेशनमध्ये साठवता येतात. प्रत्येक प्रदेशातल्या वादकानं हे वाद्य आपल्या गाण्याला वाकवलं आहे, आणि ते वाकवणं या साठवणीतच टिकून राहिलं.

साठा वाढला तसा लावण्याचा प्रश्न उभा राहिला. यामाहाच्या मोठ्या मॉडेलांत एका बँकेत, म्हणजे एका संचात, आठ बटणं, २०१७ च्या जेनॉसमध्ये दहा. कुणी एका गाण्याला एक बँक देतो: पहिल्यावर सुरुवातीचं म्युझिक, दुसऱ्यावर मुखडा, तिसऱ्यावर बासरीचा तुकडा. कुणी सगळ्या भक्तिगीतांची एक बँक करतो. बटणांचा क्रम, म्हणजे सिक्वेन्स, लावून ठेवला तर पायातलं पेडल दाबून पुढच्या बटणावर जाता येतं, हात वाजवतच राहतात. फाइलला नाव देतानाही शिस्त लागते. नुसते १, २, १० असे आकडे दिले तर यंत्र १ नंतर १० लावतं, म्हणून जाणते वादक ०१, ०२ असं लिहितात.

२००० नंतर कोर्गच्या 'साँगबुक'नं आणि यामाहाच्या 'म्युझिक फाइंडर'नं शोध थेट गाण्याच्या नावावर आणला. जेनॉसमध्ये प्लेलिस्ट आली. कार्यक्रमाचा क्रम जसा कागदावर लिहावा तसा पडद्यावर लावता येऊ लागला. मात्र प्लेलिस्टमध्ये प्रत्यक्ष सेटिंग नसतं, ते कुठल्या फाइलमध्ये आहे एवढाच पत्ता असतो. मूळ फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की पत्ता तुटतो आणि ऐन स्टेजवर गाणं उघडत नाही. म्हणून आधी फोल्डर पक्के करायचे, प्लेलिस्ट नंतर.

या साठ्याचं आयुष्य मात्र तोकडं आहे. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर ठेवलेली सेटिंग्ज फ्लॉपीला बुरशी धरली की गेली. जुन्या कीबोर्डमधला ड्राइव्ह काढून त्या जागी पेनड्राइव्ह चालणारा एम्युलेटर बसवणारे कारागीर आहेत, त्यामुळे काही साठे वाचले. स्टाइल्स एका कंपनीच्या रूपातून दुसऱ्या कंपनीच्या रूपात आणणारे प्रोग्रॅम मिळतात. रजिस्ट्रेशनचं तसं होत नाही, कारण त्यात आवाज नसतो, त्या मॉडेलमधल्या आवाजाचा क्रमांक असतो. कंपनी बदलली की कानानं सगळं पुन्हा जुळवावं लागतं.

महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांचा इतिहास कधी नीट लिहायचा झाला तर या फाइली जपायला हव्यात. कुठलं गाणं कुठल्या पट्टीत, किती लयीत, कोणत्या ठेक्यावर आणि कोणत्या क्रमानं वाजत होतं, याची इतकी नेमकी नोंद ध्वनिमुद्रणातूनही मिळत नाही. संगीताचे संग्रह सांभाळणाऱ्या संस्थांनी जुन्या वादकांकडून त्या मागून घ्याव्यात, कीबोर्डचं मॉडेल सोबत नोंदवावं आणि वादक सांगायला हजर आहेत तोवर प्रत्येक बटणावर काय होतं ते त्यांच्याच तोंडून टिपून घ्यावं.