पांढरे सोने आणि ऱ्होडियमचा मुलामा

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपल्या गावच्या पोरासोरांनाही मुखोद्गत आहे. ती मुख्यत्वे येथील व्यापारउदिमाच्या भरभराटीस उद्देशून आहे हे खरे. तथापि बागेसरीपुढे बसून ज्यांनी पिढ्यान्पिढ्या फुंकणी फुंकली, त्या आपल्या ज्ञातिबांधवांनी ती अंमळ स्वतःकडे ओढून घेतली असल्यास आम्ही त्यांस दोष देणार नाही. मात्र त्या पाळण्यातील सोने पिवळे होते. हल्ली लग्नसराईत मुली पांढऱ्या सोन्याची अंगठी मागतात, आणि वर्ष-दीड वर्षाने ती पिवळसर पडली म्हणजे मुलीची आई रागारागाने दुकानाची पायरी चढते. सोनाराने फसविले, असा तिचा समज झालेला असतो. पिढ्यांनी जोडलेली पत अशा वेळी एका अंगठीपायी पणास लागते. म्हणून या वस्तूची हकीकत येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

पांढरे सोने खाणीत सापडत नाही. शुद्ध सोन्यात निकेल किंवा पॅलेडियम मिसळले म्हणजे त्याचा पिवळेपणा मावळतो. पण पुरता जात नाही. पहिल्या महायुद्धात (1914-18) स्फोटकांसाठी लागणारे नत्राम्ल तयार करण्याकडे प्लॅटिनम वळले, जवाहिऱ्यांस ते मिळेनासे झाले, आणि पाश्चात्त्य बाजारात या मिश्रणाचा बोलबाला झाला. त्याची उरलेली पिवळी झाक झाकण्याचे काम पुढे ऱ्होडियमकडे आले.

ऱ्होडियम हा धातू विल्यम हाइड वुलस्टन या शास्त्रज्ञाने 1804 साली लंडन येथे प्लॅटिनमच्या खनिजातून वेगळा काढला. त्याचे क्षार गुलाबी दिसतात, म्हणून गुलाबाच्या ग्रीक नावावरून त्याचे नामकरण झाले. आदल्याच वर्षी, 23 सप्टेंबर 1803 रोजी, आपल्या जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा वेलस्लीने पराभव केला होता. या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीइतका संबंध नाही. सालांची ही जोडी आमच्या मनात मात्र घर करून राहिली आहे.

मुलामा हा शब्द आपणांस नवा नाही. पूर्वी सोने पाऱ्यात कालवून ते चांदीवर वा तांब्यावर लावीत आणि विस्तवावर पारा उडवून देत. त्या धुराने कारागिराच्या देहाची काय दशा होई, ते न बोललेलेच बरे. ऱ्होडियमचा मुलामा विजेने चढतो. दागिना घासून, झिलई करून, त्यावरील तेलकटपणाचा अंशही न ठेवता तो ऱ्होडियमच्या आम्लयुक्त द्रावात सोडतात; मंद दाबाचा प्रवाह मिनिटभर दिला की काम झाले. हा थर बहुधा मायक्रॉनच्या काही दशांशांइतकाच असतो. माणसाचा केसदेखील पन्नास-साठ मायक्रॉन जाड असतो. धातू कठीण खरा, पण इतका पातळ थर घर्षणापुढे किती टिकणार? बोटातील अंगठी रोज घासली जाते म्हणून ती लवकर उघडी पडते. कर्णफुले पुष्कळ वर्षे तशीच राहतात. तेव्हा पिवळसर झाक दिसणे हा सोन्यातील खोटेपणा नव्हे.

कॅरटचा प्रश्न निघाला की आपल्या घरांतून 1963 ची आठवण निघाल्यावाचून राहत नाही. चीनशी झालेल्या युद्धानंतर, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, त्या वर्षीच्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू झाले आणि 14 कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी आली. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. बावनकशी सोन्याच्या गोष्टी ऐकत वाढलेले गिऱ्हाईक शेकडा साडेअठ्ठावन्न भागांचे सोने कशास घेईल? देशभर लाखो कारागिरांच्या बागेसऱ्या विझल्या. कित्येकांनी मिळेल ती मजुरी पत्करली, तर काहींनी जीवही दिला. पुढे 14 कॅरटची अट सुटली, तरी 1968 चा सुवर्णनियंत्रण कायदा 1990 पर्यंत मानेवर होताच. गंमत अशी की, ज्या 14 कॅरटला त्या काळी सर्वांनी नाक मुरडले, तेच सोने पांढरे होऊन आल्यावर आज हौसेने घेतले जाते! सरकारला जे साधले नाही ते रंगाने साधले. पांढरे सोने 22 कॅरटमध्ये होत नाही. ते बहुधा 18 किंवा 14 कॅरटचे असते, आणि हॉलमार्कमधील 750 अथवा 585 हे आकडे तेच सांगतात. गिऱ्हाइकास हे आधी न सांगणे ही आमच्या मते चूकच होय.

घरच्या भगिनींसाठी थोडेसे. भांडी घासताना व धुणे धुताना अंगठी काढून ठेवावी. क्लोरीनयुक्त पावडर निकेल घातलेल्या पांढऱ्या सोन्यास विशेष बाधते. त्याने बारीक चिरा पडून खड्यांच्या कोंदणाच्या नख्या तुटतात. राख किंवा दंतमंजन लावू नये. कोमट पाण्यात सौम्य साबण किंवा रिठ्याचे पाणी, लहान मुलाचा मऊ ब्रश आणि कोरडे फडके एवढे पुरे. डबीत हिऱ्याच्या दागिन्याशेजारी ती मोकळी टाकू नये. बोटास खाज सुटली तर निकेलचा संशय घ्यावा व पुढील वेळी पॅलेडियमचे सोने मागावे.

पुन्हा मुलामा देण्यापूर्वी झिलई करताना अंशमात्र सोने झिजते. म्हणून वर्षातून दोनदा हा सोस करू नये. मोती व पोवळे आम्लात विरतात, ते आधी काढून घ्यावेत. आणि दागिना देताना व परत घेताना आपल्यासमोर तोलून घ्यावा. मुलाम्याची मजुरी पावतीवर वेगळी लिहून घ्यावी, कारण मोडीच्या वेळी त्या थराची किंमत कोणी धरीत नाही.