१३ जुलै : निळू फुले स्मृतिदिन
चरित्र अभिनेते निळू फुले यांचे २००९ मध्ये आजच्या दिवशी पुण्यात निधन झाले. माळीकाम करणारा हा सेवादलाचा कार्यकर्ता कलापथकातून ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्यात गाजला आणि १९६८ मध्ये ‘एक गाव बारा भानगडी’तून पडद्यावर आला. रंगभूमीवर त्यांचा ‘सखाराम बाइंडर’ विलक्षण होता. पण सणसर-भवानीनगरसारख्या, साखर कारखान्याभोवती वाढलेल्या ऊसपट्ट्यात आठवावा तो ‘सामना’तला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, समोर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर. १९७५ मध्ये हा चित्रपट बर्लिन महोत्सवात पोहोचला. दबलेल्या आवाजातली एवढी जरब मराठी पडद्याने क्वचितच पाहिली. ‘सिंहासन’मध्ये तेच फुले हतबल पत्रकार दिगू झाले.