वय आणि पगार : एक जुना हिशेब



हल्ली स्थळांच्या माहितीत दोन आकडे शेजारीशेजारी असतात. एक वय आणि दुसरे पॅकेज. "एकोणतीस पूर्ण, म्हणजे एवढे लाख तरी हवेतच," असे आमच्या कसब्यात चहा पिता पिता ठरते. नात्यातल्या दोन-तीन चांगल्या, कष्टाळू मुलांना या मोजपट्टीने नापास होताना मी पाहिले आहे. तेव्हा ही पट्टी आली कुठून, ते थोडे मागे जाऊन पाहू.

कसब्यातून दहा-पंधरा मिनिटे चाललात की रमणबाग शाळा लागते. ती ज्या न्यू इंग्लिश स्कूलची परंपरा सांगते, ते १८८० साली सुरू झाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. तिथल्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे काम करायचे, महिना ७५ रुपये घ्यायचे आणि शेवटी ३० रुपये पेन्शन, अशी रीत पडली. यात वयाचा संबंधच नव्हता. १८९१ साली गणित शिकवायला आलेले धोंडो केशव कर्वे ३३ वर्षांचे होते. गोपाळ कृष्ण गोखले त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान, पण आधीपासून तिथे होते. नियम दोघांना एकच.

७५ रुपये म्हणजे भिकेची रक्कम नव्हे, हेही सांगायला हवे. गोखल्यांचे थोरले बंधू १५ रुपयांच्या नोकरीतून ८ रुपये धाकट्याच्या शिक्षणाला पाठवत. कारकुनाच्या पाचपट ते ७५ होते. मात्र पदवीधराला सरकारी नोकरीत जे मिळू शकत होते, त्या मानाने ते थोडेच. आगरकरांनी एम.ए.च्या सुमारास आईला लिहिलेले पत्र आपण सगळ्यांनी शाळेत ऐकले आहे. मुलगा शिकला, आता मोठ्या पगारावर जाईल, या आशेवर त्यांनी आधीच पाणी सोडायला सांगितले होते.

पण या गोष्टीचा दुसरा भाग आपण फारसा सांगत नाही. पगार वाढवावा की नाही, बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, यावरूनच या मंडळींत मतभेद झाले. टिळकांचे म्हणणे, त्याग म्हणजे त्याग. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, संसार वाढला की खर्चही वाढतो. इतरही कारणे होती, पण १८९० मध्ये टिळक संस्थेबाहेर पडले त्यात हा मुद्दा होताच. एवढ्या मोठ्या माणसांनाही सपाट पगारावर सारखे समाधान मानता आले नाही, तर आपण कोण!

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पहिला वेतन आयोग आला. त्याने १९४७ साली केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचे किमान उत्पन्न भत्त्यासह ५५ रुपये धरले. सातव्या आयोगाने २०१६ पासून ते १८,००० केले. या आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेतनश्रेणी. दरवर्षी एक पायरी, मध्येच दक्षतारोध, वर महागाई भत्ता. नोकरीला लागलेल्या दिवशीच माणूस कागद-पेन्सिल घेऊन चाळिशीतला पगार काढू शकत असे. मी १९७३ साली शिक्षिका झाले तेव्हा स्टाफरूममधल्या ज्येष्ठ बाई हे गणित तोंडी करत. वय आणि पगार यांची गाठ बसली ती इथे. तीही फुकट मिळाली नाही. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून १९७७-७८ मध्ये राज्यातल्या कर्मचाऱ्यांनी ५४ दिवस संप केला होता.

ही शिडी आता सगळ्यांना राहिलेली नाही. २००० सालापासून नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणून ठरावीक मानधन मिळते. माध्यमिक शाळेत ते २०२३ पर्यंत ८,००० होते, मग १८,००० झाले. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये पुन्हा संप झाला. हिंजवडीची गोष्टही फार वेगळी नाही. मोठ्या आयटी कंपन्यांत नवशिक्याचा पगार गेली दहा-पंधरा वर्षे वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. घरभाडे मात्र थांबलेले नाही.

म्हणजे आम्ही पेन्शनर मंडळी आमच्या काळातली शिडी डोळ्यांपुढे ठेवून, शिडी नसलेल्या मुलांना विचारतो, "तू कितव्या पायरीवर?" हा अन्याय आहे, असे मला वाटते. आणि याच मुलांना गोखले-आगरकरांचा त्याग ऐकवून कमी पैशात राबवणे हा दुसरा अन्याय. त्यांनी तो मार्ग आपणहून निवडला होता, आणि म्हातारपणी का होईना, ३० रुपयांची हमी त्यात होती.

तेव्हा स्थळ पाहताना वयाला लाखांनी गुणू नका. काम टिकणारे आहे का, दरवर्षी काही वाढते का, आजारपणाची आणि म्हातारपणाची सोय आहे का, एवढे विचारा. आमच्या आईवडिलांनी आमच्यासाठी हेच विचारले होते. फक्त ते त्याला 'पर्मनंट आहे ना?' एवढेच म्हणत.

असो. तुमच्या घरात कुणाचा पहिला पगार किती होता, हे थोरल्यांना जरूर विचारा आणि मलाही कळवा.