पंधरा ऑगस्टपर्यंतचे दिवस

हैदराबादेत अफझलगंजच्या राज्य केंद्रीय ग्रंथालयात, मुसीच्या काठावर, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे चाळताना शेवट आधीच ठाऊक असतो : १५ ऑगस्ट २००५, नारायणपेठ, दहा मृत. म्हणून मी मोजणी उलटी केली. प्रत्येक तारखेआधी त्या दिवसापर्यंत किती दिवस उरले होते, तो आकडा आहे.

६८४ दिवस. १ ऑक्टोबर २००३.
तिरुमला घाटाच्या पायथ्याशी, अलिपिरीला, आंध्र प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडूंच्या गाडीखाली भूसुरुंगांचा स्फोट. नायडू वाचले. सुरुंग पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाचे होते.

४५८ दिवस. १४ मे २००४.
वाय. एस. राजशेखर रेड्डींचा शपथविधी. नक्षलवाद्यांशी बोलणी करू, असं काँग्रेसनं प्रचारात सांगितलं होतं. लोकांनी मतं दिली होती.

४२५ दिवस. १६ जून.
शस्त्रसंधी. जुलैत पीपल्स वॉरवरच्या बंदीची मुदत संपली. सरकारनं ती वाढवली नाही. मधल्या माणसांत निवृत्त सनदी अधिकारी एस. आर. शंकरन होते. १९८७च्या डिसेंबरात याच पीपल्स वॉरनं पूर्व गोदावरीच्या जंगलात त्यांना इतर अधिकाऱ्यांबरोबर पळवून नेलं होतं. सुटून आल्यावर दहा वर्षांनी त्यांनी नागरिकांची समिती उभी केली आणि दोन्ही बाजूंना एकच गोष्ट सांगत राहिले : माणसं मारणं थांबवा. पूर्ण घटनाक्रमात मला सगळ्यांत जास्त विश्वास वाटतो तो या माणसाचा.

३०८ दिवस. ११ ऑक्टोबर.
पीपल्स वॉरचे रामकृष्ण आणि त्यांचे सहकारी बोलण्यांसाठी नल्लमलाच्या जंगलातून बाहेर आले. वाटेवर गावोगावी गर्दी.

३०५ दिवस. १४ ऑक्टोबर.
हैदराबादेत घोषणा : पीपल्स वॉर आणि बिहार-झारखंडातलं माओवादी कम्युनिस्ट केंद्र एक झालं आहे. नवं नाव, भाकप (माओवादी). विलीनीकरण २१ सप्टेंबरलाच झालं होतं. म्हणजे राज्य सरकारनं बोलावलं एका पक्षाला आणि दारात उभा राहिला त्याहून मोठा. ज्याच्याशी बोलायचं तो आता एका राज्यापुरता उरला नव्हता, हे त्याच दिवशी दिसत होतं.

३०४ दिवस. १५ ऑक्टोबर.
मंजीरा अतिथिगृह. एका बाजूला गृहमंत्री के. जाना रेड्डी आणि सहकारी. दुसऱ्या बाजूला माओवाद्यांचे रामकृष्ण, सुधाकर, गणेश. त्यांच्यासोबत जनशक्ती या दुसऱ्या नक्षलवादी गटाचे रियाज आणि अमर. विषय जमिनीचा, कैद्यांच्या सुटकेचा, शस्त्रसंधीच्या अटींचा. जमिनीवर बोलता येत होतं. अडलं ते शस्त्रांवर. गावांत बंदुका घेऊन फिरू नका, हे सरकारचं म्हणणं. बंदूक हा आमच्या राजकारणाचा भाग आहे, हे त्यांचं.

३०१ दिवस. १८ ऑक्टोबर.
चौथ्या दिवशी सगळे उठले. शस्त्रांचा प्रश्न तसाच. दुसरी फेरी व्हायची होती. ती कधीच झाली नाही. माझ्या मते चूक बोलणी करण्यात नव्हती. पुढची तारीख आणि बंदुकीचा नियम कागदावर न आणता उठण्यात होती. पोलीस म्हणत होते, दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र पथकं, या मोकळीकीत माणसं भरती करताहेत, खंडणी उकळताहेत. दलम म्हणत होते, पोलीस पुन्हा जंगलात शिरताहेत. दोन्ही तक्रारी रोज छापून येत होत्या.

२४२ दिवस. १६ डिसेंबर.
शस्त्रसंधीची मुदत संपली. त्याच महिन्यात सरकारनं कोनेरू रंगाराव यांची जमीनविषयक समिती नेमली. चर्चेतल्या मागण्यांपैकी एवढीच फायलीत शिरली.

२१० दिवस. १७ जानेवारी २००५.
महिन्याच्या सुरुवातीपासून चकमकी सुरू झाल्या होत्या. माओवादी आणि जनशक्ती, दोघेही बोलण्यांतून बाहेर पडले.

एप्रिल. ओंगोलमध्ये जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या गाडीवर स्फोट. अधीक्षक वाचले.

४५ दिवस. १ जुलै.
जनशक्तीचे रियाज पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. पोलिसांनी चकमक म्हटलं. त्यांच्या साथीदारांनी पकडून मारल्याचा आरोप केला. साडेआठ महिन्यांपूर्वी हा माणूस सरकारच्या हमीवर मंजीरा अतिथिगृहात बसला होता. पुढच्या वेळी त्या खुर्चीत बसायला कोण तयार होईल, याचा विचार त्या दिवशी कुणी केला असेल, असं वर्तमानपत्रांच्या अंकांतून दिसत नाही.

१ दिवस. १४ ऑगस्ट.
रविवार. गावोगावी झेंडावंदनाची तयारी.

१५ ऑगस्ट, सकाळ.
नारायणपेठ आपल्याकडे साडीमुळे माहीत. हैदराबादहून सुमारे १६५ किलोमीटर, कर्नाटकाच्या सीमेलगत. गावात मराठी बोलणारी घरंही आहेत. मखतलचे काँग्रेस आमदार चित्तेम नरसी रेड्डी त्या दिवशी इथे होते. झेंडावंदनानंतर रस्त्याच्या कामाचा शुभारंभ होता. मुलगा सोबत होता.

१५ ऑगस्ट, दुपार.
कार्यक्रमाच्या जागी माओवाद्यांचा गोळीबार. आमदार, त्यांचा मुलगा, आणखी आठ जण. त्यांत नगरपालिकेचे आयुक्तही होते.

१७ ऑगस्ट.
माओवादी पक्षावर पुन्हा बंदी. तिच्यात विरसम ही क्रांतिकारी लेखकांची संघटनाही आली.

१९ ऑगस्ट.
विरसमचे कवी वरवर राव यांना हैदराबादेत अटक. वर्षभरापूर्वी सरकार आणि जंगल यांच्यामध्ये निरोप नेणाऱ्या तिघांपैकी ते एक होते.