‘रस्टिकेट’ : गावी धाडण्याची शिक्षा

‘त्याला कॉलेजातून रस्टिकेट केले’ हे वाक्य मराठी घरात कोणालाही समजते, आणि ते ‘कायमचे काढून टाकले’ याच अर्थाने समजते. मूळ अर्थ मात्र तसा नाही. लॅटिनमध्ये ‘रूस’ म्हणजे शेतशिवार, खेडे. त्यावरून ‘रस्टिकस’ म्हणजे खेडूत. आणि त्यावरून साधलेले क्रियापद म्हणजे खेड्यात जाऊन राहणे. त्याला शिक्षेचा अर्थ चिकटला तो ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये. उद्दाम विद्यार्थ्यास काही मुदतीपुरते गावी धाडायचे आणि मुदत सरली की परत घ्यायचे, अशी ती रीत. कवी मिल्टन यालाही १६२६ च्या सुमारास केंब्रिजहून असेच घरी पाठविले होते, असे त्याचे बहुतेक चरित्रकार मानतात. त्याचे घर लंडनला होते, ही गोष्ट वेगळी!

या क्रियापदाची खरी परीक्षा हैदराबादेत झाली. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. अध्यापनाची भाषा उर्दू; संस्थानच्या सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी. म्हणजे बहुसंख्य प्रजेच्या घरची भाषा एक आणि पदवीची भाषा दुसरी. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली आणि सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी औरंगाबादच्या महाविद्यालयात आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. मनाई झाली, ती मोडली गेली, आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे कमी करण्यात आली. या घटनेविषयी इंग्रजीत लिहिणारे कोणी ‘एक्स्पेल’ लिहितात, कोणी ‘रस्टिकेट’. उर्दूत यासाठी शब्द आहे ‘इखराज’. ‘खारिज’ त्याच अरबी धातूचा, आणि आपला ‘खर्च’ही त्याच कुळातला. आमच्या सीमाभागातले वकील आजही दावा ‘खारीज’ झाला म्हणतात. पुण्याकडे तो बहुधा ‘फेटाळला’ जातो.

आम्हांस येथे कायद्याचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. ‘एक्स्पेल’ला मुदत नसते, ‘रस्टिकेट’ला असते. परंतु भारतीय विद्यापीठांच्या नियमांत ‘रस्टिकेट’ झालेल्यास त्या मुदतीत सहसा अन्यत्रही प्रवेश मिळत नाही. म्हणजे शिक्षा सौम्य दिसते, पण तिची कुंपणे दूरवर पसरतात. १९३८ मध्ये हे कुंपण नागपूरने ओलांडू दिले. तेथील कुलगुरू टी. जे. केदार यांनी या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाची दारे उघडली. नागपूरला आलेल्यांत पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव होते. तेथेच ते कायदा शिकले, मराठीत मुरले आणि पुढे हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. जे परतले ते खरोखरच गावी परतले. क्रियापदाचा लॅटिन अर्थ असा शब्दशः खरा झाला. मात्र ज्या खेड्यांत त्यांना धाडले तीच पुढे निजामाविरुद्धच्या लढ्याची ठाणी झाली, हे आदेश काढणाऱ्यांच्या ध्यानी आले नसावे.

त्याच शहरात जवळपास ऐंशी वर्षांनी दुसऱ्या एका विद्यापीठात हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाने पाच दलित विद्यार्थ्यांना वसतिगृहातून काढले. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी आवारातच उघड्यावर मुक्काम ठोकला आणि त्या जागेस नाव दिले ‘वेलिवाडा’. तेलुगूत ‘वेलि’ म्हणजे बहिष्कार, बाहेर टाकणे. वेलिवाडा म्हणजे गावाबाहेरची दलित वस्ती, आपल्या मराठीत गावकुसाबाहेरची. त्यांच्यापैकी रोहित वेमुला यांनी १७ जानेवारीस आत्महत्या केली. विद्यापीठाच्या कागदावर ती शिस्तभंगाची कारवाई होती. भोगणाऱ्यांनी तिचे भाषांतर ‘वाळीत टाकणे’ असे केले. इंग्रजी क्रियापदात शिक्षा म्हणून गावी पाठवतात. ज्याला गावानेच कुसाबाहेर ठेवले त्याला ते कोठे पाठवणार? महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा त्याच २०१६ साली मंजूर केला. पण तो जातपंचायतींसारख्या समूहांना लागू आहे, कुलसचिवांच्या आदेशास नाही.

मराठी परिपत्रकांत ‘रस्टिकेट’ आणि ‘एक्स्पेल’ या दोहोंसाठी सरसकट ‘निष्कासन’ लिहितात. आमच्या मते पहिल्यास ‘मुदतबंद निष्कासन’ म्हणावे आणि मुदतीचा आरंभ व अखेर आदेशातच नोंदवावी. विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय अशी शिक्षा देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम दास गुप्ता खटल्यात १९६२ सालीच सांगितले आहे.