आंतरसांस्कृतिक अभ्यास

निरनिराळ्या समाजांतील नातेसंबंध, मुलांचे संगोपन, श्रद्धा आणि विचार करण्याच्या रीती यांची पद्धतशीर तुलना करणारी ज्ञानशाखा. मानवशास्त्र, मानसशास्त्र व समाजशास्त्र यांच्या आधाराने ती वाढली. काही विद्यापीठांत तिची स्वतंत्र पदवी मिळते, तर अनेक ठिकाणी ती या विषयांतला एखादा पेपर म्हणून शिकवली जाते.

तुलना करणे सोपे, पण ती टिकवणे कठीण, हे या शाखेला सुरुवातीलाच उमगले. १८८८ साली एडवर्ड टायलर यांनी लंडनमध्ये सुमारे ३५० समाजांतील विवाहाचे नियम आकडेवारीनिशी मांडले. त्यावर फ्रान्सिस गॉल्टन यांनी तिथेच हरकत घेतली. एका समाजाने दुसऱ्याची चाल उचलली असेल, तर हे दोन वेगवेगळे पुरावे कसे धरायचे? ‘गॉल्टनचा प्रश्न’ म्हणून ही हरकत आजही वर्गात शिकवली जाते. तिला उत्तर म्हणून जॉर्ज मर्डॉक आणि डग्लस व्हाइट यांनी १९६९ मध्ये जगभरातून एकमेकांपासून शक्य तितके दूरचे १८६ समाज निवडून एक प्रमाण नमुना तयार केला.

दुसरा मार्ग थोडेच समाज घेऊन खोलात जाण्याचा. बिअॅट्रिस व जॉन व्हायटिंग यांच्या पुढाकाराने १९५०च्या दशकात मेक्सिको, केनिया, फिलिपीन्स, ओकिनावा, अमेरिका आणि भारत अशा सहा ठिकाणी मुलांचे निरीक्षण झाले. भारतातले गाव होते उत्तर प्रदेशातील खालापूर. सगळीकडे निरीक्षणाची पद्धत एकच ठेवली होती. धाकट्या भावंडांना सांभाळणे, घरकामाला हात लावणे ही जबाबदारी जिथे लहानपणीच अंगावर पडते, तिथली मुले इतरांना अधिक मदत करतात, असे त्यातून दिसले.

महाराष्ट्राचा या परंपरेशी थेट संबंध आहे. केंब्रिजचे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे १८९८च्या टॉरेस सामुद्रधुनी मोहिमेतले संशोधक. पुढे त्यांनी निलगिरीतील तोडा समाजाचा अभ्यास केला. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजला त्यांच्याच हाताखाली शिकले आणि १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. पॅट्रिक गेडिस यांनी हा विभाग १९१९ मध्ये सुरू केला होता. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये पीएच.डी. केली आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन केले.

कर्वे यांचा १९५३चा भारतातील नातेव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथ तुलनेचा वस्तुपाठच आहे. देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडून त्यांनी निरनिराळ्या भाषांतील नातेवाचक शब्द आणि विवाहाचे नियम शेजारी शेजारी ठेवले. उत्तरेत मामेबहिणीशी लग्न सहसा निषिद्ध, तर दक्षिणेत अनेक समाजांत मामा-भाचीचे लग्नही मान्य. मधल्या महाराष्ट्रात अनेक जातींना मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र चालत नाही. घरोघरी गृहीत धरलेला हा नियम उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे पाहिल्यावरच अभ्यासाचा विषय होतो.

विद्यार्थ्याला ग्रंथवाचनाबरोबर क्षेत्रकार्य, मुलाखत आणि तिथली भाषा शिकणे आवश्यक असते. प्रश्नावलीचे भाषांतर झाल्यावर दुसऱ्या भाषांतरकाराकडून ते मूळ भाषेत परत आणून पडताळले जाते. समाजातले लोक आपल्या वागण्याचा कोणता अर्थ लावतात आणि बाहेरचा अभ्यासक कोणता, या दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवली जाते.

या शाखेने मानसशास्त्रालाही जाब विचारला. प्रमुख अमेरिकी नियतकालिकांतील अभ्यासांत भाग घेणाऱ्यांपैकी सुमारे ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले असतात आणि त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते, असे जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये दाखवले. जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हाच आक्षेप विस्ताराने मांडला. त्यांचे एक उदाहरण म्युलर-लायर दृष्टिभ्रमाचे. समान लांबीच्या दोन रेषांच्या टोकांना उलटसुलट बाण जोडले की एक रेष लांब भासते. टॉरेसचे बेटवासी या चित्राला कमी फसतात, हे रिव्हर्स यांनी नोंदवलेच होते. सीगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांच्या १९६६च्या तुलनेत अमेरिकेतील एव्हन्स्टनचे रहिवासी सर्वाधिक फसले. कलहारीतील सान लोकांवर मात्र त्याचा जवळजवळ परिणाम झाला नाही.